इजिप्तचे कामगार परदेशात : हक्क कागदावर, किल्ली मालकाच्या हातात

इजिप्तला परदेशी चलन कुठून मिळते, असे विचारले तर बहुतेकांना पिरॅमिड बघायला येणारे पर्यटक आठवतात, नाहीतर सुएझ कालवा. आकडे वेगळेच सांगतात. जुलै २०२४ ते जून २०२५ या आर्थिक वर्षात परदेशात राहणाऱ्या इजिप्शियन लोकांनी मायदेशी ३६.५ अब्ज डॉलर पाठवले. त्याच वर्षात सुएझ कालव्याने मिळवून दिले सुमारे ३.६ अब्ज डॉलर. लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे कालव्याचे उत्पन्न त्या काळात घसरले होते, हे खरे. पण अगदी चांगल्या वर्षांतही ते दहा अब्जांच्या आसपासच राहिले आहे. म्हणजे देशाच्या तिजोरीत सर्वात मोठी भर घालतो तो रियाधमधला गवंडी, अम्मानजवळच्या शेतातला मजूर, कुवेतमधला विक्रेता, दोहातला ड्रायव्हर.

मग प्रश्न असा पडतो की देश ज्याच्या घामावर उभा आहे, त्याला संरक्षण किती? कायदे आहेत, करार आहेत, राज्यघटनेत कलम आहे. तरीही पगार थकतो, पासपोर्ट अडकतो, तक्रार केली तर परत पाठवले जाते. असे का होते, हे या लेखात आम्ही टप्प्याटप्प्याने समजावून सांगत आहोत. आपल्याकडच्या वाचकांनाही हे उपयोगी पडेल, कारण आखाती देशांत इजिप्शियन कामगाराला जो कायदा लागू होतो, तोच महाराष्ट्रातून गेलेल्या कामगारालाही लागू होतो.

कोण गेले, कुठे गेले

नासर यांच्या काळात इजिप्शियन माणसाला देश सोडायला सरकारची परवानगी लागत असे. १९७१ च्या राज्यघटनेने कायम किंवा तात्पुरते स्थलांतर करण्याचा हक्क नागरिकांना दिला. त्यानंतर १९७३ चे युद्ध झाले, तेलाचे भाव भडकले आणि आखाती देशांत बांधकामांना ऊत आला. भाषा एकच असल्यामुळे शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर यांच्याबरोबर लाखो शेतमजूर आणि बांधकाम मजूरही निघाले.

इजिप्तच्या केंद्रीय सांख्यिकी संस्थेने २०१६ च्या अखेरीस परदेशस्थ इजिप्शियनांचा आकडा सुमारे ९५ लाख दिला होता. त्यातले ६२ लाखांहून अधिक अरब देशांत होते. एकट्या सौदी अरेबियात सुमारे २९ लाख, जॉर्डनमध्ये साडेअकरा लाख, संयुक्त अरब अमिरातीत साडेसात लाखांच्या वर आणि कुवेतमध्ये पाच लाखांच्या आसपास. अमेरिका, कॅनडा, इटली येथे गेलेले बरेच जण तिथेच स्थायिक होतात, नागरिकत्व मिळवतात. अरब देशांत मात्र वीस वर्षे काम केले तरी माणूस ‘तात्पुरता’च राहतो. संरक्षणाचा प्रश्न तिथेच सर्वात तीव्र आहे.

मायदेशाचा कायदा काय देतो

कागदावर पाहिले तर इजिप्तची व्यवस्था बरीच भरगच्च आहे. २०१४ च्या राज्यघटनेचे कलम ८८ परदेशातील नागरिकांचे हित जपण्याची आणि त्यांना संरक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. १९८३ चा कायदा क्रमांक १११ हा स्थलांतर आणि परदेशस्थ इजिप्शियनांची काळजी या विषयाला वाहिलेला आहे. परदेशी मालकाकडे नोकरी करायला जाणाऱ्याने आधी सरकारकडून कामाचा परवाना घ्यायचा असतो. महत्त्वाच्या देशांतल्या दूतावासांत कामगार प्रतिनिधींची कार्यालये आहेत. करार तपासणे आणि मालकाशी तंटा झाला तर मध्यस्थी करणे हे त्यांचे काम.

नोकरी लावून देणाऱ्या एजन्सींसाठीही नियम आहेत. २००३ च्या कामगार कायद्याने परवान्याशिवाय हा धंदा करायला बंदी घातली. कामगाराकडून नोकरी लावल्याचा मोबदला घ्यायचा नाही, प्रशासकीय खर्च म्हणून घ्यायचेच तर पहिल्या वर्षाच्या पगाराच्या जास्तीत जास्त २ टक्के घ्यायचे, अशी मर्यादा घातली. त्या कायद्याची जागा आता २०२५ च्या कायदा क्रमांक १४ ने घेतली असून तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे.

दोन टक्के म्हणजे किती? समजा महिना ३,००० रियाल पगार ठरला. वर्षाचे झाले ३६,००० आणि त्याचे दोन टक्के ७२० रियाल. गावोगावच्या दलालाचा हिशेब मात्र वेगळा असतो. तो व्हिसा ‘विकतो’. त्यासाठी कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम आधीच मोजावी लागते. मग शेताचा तुकडा जातो, बायकोचे दागिने जातात, नातेवाइकांकडून उसनवारी होते. ही रक्कम एजन्सीच्या पावतीवर कधीच दिसत नाही, त्यामुळे तक्रार कोणत्या कागदाच्या आधारावर करायची, हा पहिलाच प्रश्न अनुत्तरित राहतो. कर्ज काढून गेलेला माणूस पहिल्या दिवसापासून बांधलेला असतो. पगार कमी मिळाला, काम वेगळे दिले, तरी तो परत फिरू शकत नाही.

कफाला म्हणजे नेमके काय

आखातातल्या कामगाराच्या अडचणींचे मूळ कफाला पद्धतीत आहे. अरबीत कफील म्हणजे हमीदार. परदेशी माणसाला देशात राहायचे असेल तर तिथला कोणीतरी कफील लागतो आणि कामगाराच्या बाबतीत तो कफील म्हणजे मालक. राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, मालकाच्या नावाशी जोडलेला. मालकाने नूतनीकरण केले नाही तर कामगार आपोआप बेकायदा ठरतो, दोष कोणाचाही असो.

मालकाच्या हाती आणखी एक हत्यार असते. कामगार पळून गेला, अशी नोंद तो सरकारकडे करू शकतो. सौदीत तिला ‘हुरूब’ म्हणतात. पगार मागणाऱ्याला धडा शिकवायला अशा खोट्या नोंदी केल्या जातात, हे कामगार हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी वर्षानुवर्षे मांडले आहे. ज्याच्यावर ही नोंद झाली, त्याची अवस्था फिर्यादीवरून आरोपी अशी होते.

इथे आम्हाला एक मुद्दा ठळकपणे मांडायचा आहे. पगाराचा हक्क कायद्याने दिला, पण देशात राहण्याचा हक्क मालकाच्या मर्जीवर ठेवला, तर पहिला हक्क वापरताच येत नाही. आपल्या गावातला कामगार मालकाविरुद्ध कोर्टात गेला तर फार तर नोकरी जाईल. तिथे नोकरीबरोबर छप्पर जाते, इकामा जातो आणि देशातून हकालपट्टीही होऊ शकते. म्हणून कामगार गप्प बसतो. त्याचा अर्थ त्याला हक्क माहीत नाहीत असा नव्हे. बोलण्याची किंमत त्याला चांगली ठाऊक असते.

बदल झाले, पण कोणासाठी?

गेल्या काही वर्षांत या पद्धतीत सुधारणा झाल्या आहेत आणि त्या नाकारण्याचे कारण नाही. कतारने बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवानगीची अट काढली, २०२० मध्ये नोकरी बदलताना मालकाचे ना-हरकत पत्र लागण्याची अट रद्द केली आणि मार्च २०२१ पासून किमान वेतन लागू केले : महिना १,००० रियाल, शिवाय मालकाने राहण्या-जेवण्याची सोय केली नाही तर त्यासाठी ५०० आणि ३०० रियाल. सौदी अरेबियाने १४ मार्च २०२१ पासून कामगाराला करारातले एक वर्ष पूर्ण झाल्यावर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची, तसेच देशाबाहेर जाऊन येण्याची परवानगी स्वतः काढण्याची मुभा दिली.

पण सौदीच्या या सुधारणेतून घरकाम करणारे, घरचे ड्रायव्हर, माळी, शेतमजूर आणि मेंढपाळ वगळले गेले. म्हणजे जो सर्वात एकटा, शहरापासून सर्वात दूर आणि मालकाच्या सर्वात जास्त ताब्यात, तोच बाहेर राहिला. वरच्या इजिप्तमधून, म्हणजे नाईलच्या दक्षिण खोऱ्यातल्या गावांतून गेलेले अनेक जण याच कामांत आहेत.

शिवाय एकदा मिळालेली सवलत कायम राहील, याचीही खात्री नसते. कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातल्या परदेशी कामगारांना देश सोडण्यापूर्वी मालकाची परवानगी सक्तीची केली. एक देश ती अट काढतो आणि शेजारचा लावतो. आणि सौदी व अमिरातीत कामगार संघटना बांधायला किंवा संप करायला मुभाच नाही. त्यामुळे नियम बदलताना कामगाराचे म्हणणे मांडणारा कोणी खोलीत नसतो.

जॉर्डनची तऱ्हा आणखी निराळी आहे. तिथे कामाचा परवाना क्षेत्रानुसार मिळतो. शेतीचा परवाना स्वस्त, म्हणून तो काढायचा आणि काम बांधकामावर करायचे, असा प्रकार अनेक वर्षे चालला. परवाना शेतीचा आणि हातात थापी असे आढळले की कामगार पकडला जातो आणि परत पाठवला जातो. ज्याने तो परवाना विकला, त्याचे फारसे काही बिघडत नाही. आपल्याकडे ज्याला ‘आझाद व्हिसा’ म्हणतात, त्यातला धोका हाच आहे. तो व्हिसा आझाद वगैरे काही नसतो. त्यावर कोणाचे तरी नाव असते आणि दुसरीकडे काम करताना सापडलात तर गुन्हा तुमचा ठरतो.

सौदीत हक्काचा पैसा किती : एक हिशेब

बरेच कामगार शेवटच्या दिवशी मालक देईल ते घेऊन विमानात बसतात. म्हणून सौदीच्या कामगार कायद्यातल्या काही गोष्टी नीट समजून घेऊ.

कामगार आणण्याचा खर्च, इकाम्याचे आणि कामाच्या परवान्याचे शुल्क, त्यांच्या नूतनीकरणाला उशीर झाल्यास होणारा दंड आणि नोकरी संपल्यावर परतीचे तिकीट हे सर्व मालकाने भरायचे असते. कामगाराचा मृत्यू झाला तर मृतदेह मायदेशी पाठवण्याची जबाबदारीही सर्वसाधारणपणे मालकावर आहे. पासपोर्ट ठेवून घेण्याचा अधिकार मालकाला नाही.

नोकरी संपल्यावर ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्धा महिन्याचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिन्याचा पगार, तोही शेवटच्या पगाराच्या हिशेबाने. समजा शेवटचा पगार ३,००० रियाल आणि नोकरी आठ वर्षे. पहिल्या पाच वर्षांचे ७,५०० आणि नंतरच्या तीन वर्षांचे ९,०००, एकूण १६,५०० रियाल. कामगाराने स्वतः राजीनामा दिला तर दोन ते पाच वर्षांच्या नोकरीला याच्या एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांना दोन तृतीयांश आणि दहा वर्षांपुढे पूर्ण रक्कम. म्हणजे आठ वर्षांनी राजीनामा दिल्यास ११,००० रियाल. हिशेब संपल्याच्या कागदावर न वाचता सही करणे किती महाग पडते, ते यावरून दिसते.

दाद मागण्याची मुदतही लक्षात ठेवायला हवी. नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. आधी समेटाची पायरी, तिथे जमले नाही तर कामगार न्यायालय. परत आलेल्या माणसाचे पहिले वर्ष कर्ज फेडण्यात आणि नवे काम शोधण्यात जाते. तेवढ्यात मुदत संपते आणि मालकाला काहीच करावे लागत नाही.

पिवळ्या कागदाची वीस वर्षे

पगार मिळाला आणि बँकेत भरला, म्हणजे तो सुरक्षित झाला असेही नाही. १९८० च्या दशकात इराक-इराण युद्धामुळे इराकचे तरुण आघाडीवर होते आणि शेते, कारखाने, बांधकामे इजिप्शियन कामगार चालवत होते. त्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. हे कामगार इराकच्या रफिदैन बँकेमार्फत घरी पैसे पाठवत. त्या कागदाचा रंग पिवळा, म्हणून इजिप्तमध्ये त्यांना ‘पिवळ्या हवाली’ असे नाव पडले.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, निर्बंध आले आणि लाखो इजिप्शियन कामगार मिळेल त्या वाटेने परतले. हातात राहिला पिवळा कागद. सुमारे ६ लाख ३७ हजार कामगारांचे ४० कोटी ८० लाख डॉलर अडकले होते. ते मिळायला २०११ उजाडले आणि मिळाले तेही व्याजाविना, फक्त मुद्दल. तोवर वीस वर्षे उलटली होती. तरुणपणी केलेल्या कामाचा पगार काहींना म्हातारपणी मिळाला. काहींच्या वारसांना कागद घेऊन बँकेच्या रांगेत उभे राहावे लागले.

या प्रकरणात कामगारांचे काहीच चुकले नव्हते. त्यांनी काम केले होते आणि अधिकृत बँकेतूनच पैसे पाठवले होते. तरी दोन सरकारांच्या राजकारणात त्यांचा पैसा सर्वात शेवटी आला.

ज्यांच्याकडे कागदच नाही

कायदेशीर वाट महाग किंवा बंद असते, तेव्हा माणूस दुसरी वाट धरतो. लिबिया हा त्याचा सर्वात जवळचा मार्ग. सीमा लागून आहे, काम मिळते, पण सरकार कोणाचे हेच निश्चित नसते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सिर्त येथे ‘इस्लामिक स्टेट’ने २१ जणांची हत्या केली. त्यातले २० इजिप्तचे कॉप्टिक ख्रिश्चन होते आणि बहुतेक मिन्या प्रांतातल्या गरीब गावांतून मजुरीसाठी गेलेले. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळाने देर्ना शहरावरची धरणे फुटली, तेव्हा बेनी सुएफ प्रांतातल्या अल्-शरीफ या एकाच गावाने आपली सत्तरहून अधिक माणसे पुरली. सगळे तिथे कामाला गेलेले.

इजिप्तने २०१६ मध्ये मानवी तस्करांविरुद्ध कायदा केला. त्यात नेलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तस्कराला शिक्षा ठेवली, हे योग्यच झाले. पण गावात काम नसेल आणि परवानाधारक एजन्सीपर्यंत पोहोचण्याची ऐपत नसेल, तर केवळ शिक्षेच्या भीतीने होड्या थांबत नाहीत.

आंतरराष्ट्रीय करार आणि त्यातली मेख

संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९९० रोजी सर्व स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा करार मंजूर केला. सरकारी अधिकाऱ्याशिवाय कोणीही कामगाराचा पासपोर्ट जप्त करू नये, पगार आणि कामाच्या अटींत स्थानिकांच्या बरोबरीने वागणूक मिळावी, सामूहिक हकालपट्टी करू नये, जाताना कमाई सोबत नेता यावी, असे अनेक हक्क त्यात आहेत. यातले मूलभूत हक्क कागदपत्रे नसलेल्या कामगारालाही दिले आहेत.

१९९३ मध्ये हा करार स्वीकारणारा जगातला पहिला देश इजिप्त होता. मात्र तो अमलात यायला जुलै २००३ उजाडले आणि आजही त्यात प्रामुख्याने कामगार पाठवणारेच देश आहेत. आखातातल्या एकाही देशाने तो स्वीकारलेला नाही, पश्चिम युरोपातल्याही नाही. लिबियाने स्वीकारला आहे, पण तिथली परिस्थिती आपण पाहिलीच. ज्याच्या दारात कामगार उभा आहे त्यानेच सही केली नसेल, तर करार त्याच्या कामाचा राहत नाही. भारतानेही हा करार स्वीकारलेला नाही, हेही सांगायला हवे.

डॉलर हवा, पण माणूस?

मायदेशाचे सरकार मालकाच्या देशाशी कणखरपणे का बोलत नाही? कारण त्याला दोन्ही बाजूंनी गरज आहे. आखाती देशांकडून ठेवी आणि गुंतवणूक हवी, कामगारांकडून डॉलर हवेत. गेल्या काही वर्षांतल्या योजनाच पाहा. परकीय चलनात ठेव ठेवली तर परदेशस्थ इजिप्शियनाला करमुक्त गाडी आणण्याची सवलत २०२२ मध्ये दिली गेली. २०२३ मध्ये ५,००० डॉलर किंवा युरो भरून सक्तीच्या लष्करी सेवेचा प्रश्न मिटवण्याची सोय झाली. या योजनांचा उपयोग ज्यांच्याकडे शिल्लक आहे त्यांना. चार महिने पगार न मिळालेल्या मजुराला त्यातून काय?

परदेशस्थ इजिप्शियनांना २०११ पासून मतदानाचा हक्क मिळाला, ही मोठी गोष्ट आहे. स्थलांतराचे स्वतंत्र मंत्रालय २०१५ मध्ये पुन्हा निर्माण झाले आणि २०२४ मध्ये ते परराष्ट्र मंत्रालयात विलीन करण्यात आले. खाते कोणतेही असो, कसोटी एकच : तक्रार घेऊन आलेल्या कामगारासोबत दूतावासाचा माणूस कामगार कार्यालयापर्यंत जातो का?

आपल्यासाठी धडा

योगायोग असा की इजिप्तने ज्या १९८३ साली स्थलांतर कायदा केला, त्याच साली भारतानेही केला. आपल्याकडेही नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि कर एवढीच रक्कम घेता येते. ‘ई-मायग्रेट’वर एजंटची नोंदणी तपासता येते. प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण आहे. तरीही रत्नागिरी-रायगडपासून मराठवाड्यापर्यंत दलालाला लाखभर रुपये मोजून जाणारे आपल्या ओळखीत असतात.

म्हणून जाणाऱ्याला आमचे सांगणे साधे आहे. कराराची प्रत आणि पासपोर्ट, व्हिसा, इकामा यांचे फोटो घरच्यांकडे ठेवा. पगार बँकेतूनच घ्या. कोऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही करू नका. पगार थकला तर वर्ष संपण्याची वाट पाहू नका, दूतावासात लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या.

पण सगळी जबाबदारी कामगाराच्या सावधपणावर टाकणे आम्हाला मान्य नाही. इजिप्त, भारत, बांगलादेश, नेपाळ, फिलिपाइन्स हे देश आपापले कामगार स्वस्तात पाठवण्याची स्पर्धा करतात, तोवर मालक निवांत राहतो. एकाने किमान वेतनाची अट घातली की मालक दुसऱ्या देशातून माणसे आणतो. या देशांनी वेतन, नोकरी बदलण्याचा हक्क आणि थकीत पगाराची हमी या तीन गोष्टींवर एकत्र अट घातली, तर चित्र पालटू शकते. त्याच बांधकामाच्या सांगाड्यावर इजिप्शियन, नेपाळी आणि भारतीय कामगार एकाच उन्हात शेजारी शेजारी काम करतात आणि एकमेकांच्या अडचणी त्यांना चांगल्या ठाऊक असतात. एका टेबलाशी बसायचे आहे ते त्यांच्या सरकारांना.